फोटो सॉफ्टवेअरमध्ये काम कोणत्या क्रमाने करायचं: कार्ड रिकामं करण्यापासून बॅकअपपर्यंत

फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं की बहुतेकांचा हात थेट एक्सपोजरच्या स्लायडरवर जातो. चार फोटो मन लावून सुधारले जातात, ते कुठेतरी सेव्ह होतात आणि पुढच्या वर्षी तेच फोटो शोधताना दमछाक होते. कुणाच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत, फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसतं, कारण फोटो सापडत नाहीत. कुणाकडे एकाच फोटोच्या पाच प्रती असतात आणि त्यातली मूळ कोणती ते कळत नाही. संगणक बदलल्यावर फोटो आले, पण त्यांवर केलेलं सगळं काम गेलं, हे तर सर्रास घडतं.

यात सॉफ्टवेअरचा दोष क्वचितच असतो. चूक असते ती क्रमात. तारीख दुरुस्त करण्याआधी नावं बदलली, छाटणीआधी रंगसुधारणा केली, बॅकअपआधी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट केलं, की पुढचं सगळं अवघड होतं. खाली लाइटरूम क्लासिक, डार्कटेबल आणि डिजिकॅम यांची उदाहरणं घेतली आहेत, कारण हौशी मंडळींकडे हीच जास्त दिसतात. डार्कटेबल आणि डिजिकॅम मोफत आहेत. तुमचं सॉफ्टवेअर वेगळं असलं तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १ : तुमचं काम नेमकं कुठे साठतं, ते आधी शोधा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात आणि सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅटलॉगवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो ‘आत’ जात नाहीत. फोटो डिस्कवरच्या फोल्डरमध्येच राहतात. कॅटलॉगमध्ये फक्त नोंदी असतात: फोटो कुठे आहे, त्याला किती तारे दिले, कोणते कीवर्ड लावले, कोणता स्लायडर किती सरकवला. ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तक नसतं, ते कोणत्या कपाटात आहे एवढंच असतं, तसंच हे. म्हणूनच फोल्डर बाहेरून हलवला की कॅटलॉग गोंधळतो. आणि म्हणूनच मूळ फोटोला धक्का न लावता हवे तितके बदल करता येतात, मागेही घेता येतात.

मग ‘आपलं काम’ म्हणजे या नोंदी. त्या कुठे आहेत ते प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं असतं.

लाइटरूम क्लासिक हे सगळं कॅटलॉगमध्ये ठेवतं: एलआरकॅट ही मुख्य फाइल आणि नव्या आवृत्त्यांत तिच्या शेजारची एलआरकॅट-डेटा. फोटोशेजारी एक्सएमपी, म्हणजे या नोंदींची छोटी फाइल, लिहिण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या (फोटोबद्दलच्या माहितीच्या) पानावर जाऊन ती चालू करा. किंवा फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा, मॅकवर कमांड-एस. रॉ फाइलसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या फोटोसाठी, शेजारी वेगळी एक्सएमपी तयार होते. जेपेग, टिफ आणि डीएनजीच्या बाबतीत हीच माहिती फाइलच्या आत लिहिली जाते. एक मर्यादा लक्षात असू द्या: कलेक्शन (तुम्ही केलेले फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फाइलची दुसरी नोंद) एक्सएमपीत जात नाहीत, त्या फक्त कॅटलॉगमध्येच राहतात. त्यामुळे एक्सएमपी चालू केली म्हणून कॅटलॉगचा बॅकअप सोडून चालत नाही.

डार्कटेबल स्वतःच्या डेटाबेसमध्ये नोंद ठेवतं आणि फोटोशेजारी एक्सएमपीही लिहितं. ती फाइल अनोळखी वाटते म्हणून ‘कचरा’ समजून डिलीट करणारे बरेच आहेत. ते तुमचंच काम आहे, त्याला हात लावू नका.

डिजिकॅम टॅग आणि तारे डेटाबेसमध्ये ठेवतं. सेटिंग्जच्या मेटाडेटा विभागात ते फोटोच्या आत किंवा शेजारच्या फाइलमध्येही लिहायचे, हे निवडता येतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाण्याची जराही शक्यता असेल तर हे पहिल्याच दिवशी निवडा.

रॉथेरपी हे रॉ सुधारण्याचं आणखी एक सॉफ्टवेअर फोटोशेजारी पीपी३ नावाची फाइल ठेवतं.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना तारे आणि कीवर्ड साधारणपणे नीट जातात. स्लायडरचं काम मात्र बहुतांशी जात नाही, कारण प्रत्येकाची रॉ उलगडण्याची पद्धत वेगळी असते. म्हणून सॉफ्टवेअर बदलण्याआधी आवडीचे सुधारलेले फोटो पूर्ण आकारात एक्सपोर्ट करून ठेवा.

तपासणी : एका रॉ फोटोला तारा द्या, सेव्ह करा आणि फोल्डर उघडून पाहा. शेजारच्या फाइलची वेळ बदलली का? बदलली नसेल, तर तुमचं काम फक्त कॅटलॉगमध्ये आहे.

## टप्पा २ : फोल्डर, डिस्क आणि पडदा

१. सगळ्या फोटोंसाठी एकच मुख्य फोल्डर ठेवा. डेस्कटॉपवर थोडे, डाउनलोडमध्ये थोडे, जुन्या पेनड्राइव्हवर थोडे, असं चालणार नाही.

२. त्याच्या आत वर्ष, आणि वर्षाच्या आत तारीख व विषय: ‘२०२४-०३-१७ तळ्याकाठचे पक्षी’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. महिना आणि दिवस दोन आकडी लिहा, नाहीतर दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येतो. प्रत्यक्ष टाइप करताना आकडे आणि अक्षरं इंग्रजी ठेवलीत तर जुन्या डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर अडचण येत नाही.

३. विषयवार फोल्डर करू नका. ‘पक्षी’, ‘घरचे’, ‘प्रवास’ असे फोल्डर केले की प्रवासात काढलेला घरच्यांचा फोटो कुठे टाकायचा, हा प्रश्न येतोच. मग तो दोन्हीकडे कॉपी होतो आणि घोळ सुरू होतो. फोल्डर तारखेचे ठेवा, विषय कीवर्डवर सोपवा.

४. कॅटलॉग संगणकाच्या आतल्या वेगवान डिस्कवर ठेवा. फोटो बाहेरच्या डिस्कवर असले तरी चालतात. लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉग नेटवर्कवरच्या डिस्कवरून उघडतच नाही. सतत सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये चालू कॅटलॉग ठेवणंही धोक्याचं आहे. अर्धवट सिंक झालेली फाइल उघडली तर ती खराब होऊ शकते.

५. जागेचा अंदाज घ्या. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. म्हणजे १००० फोटोंना २५ ते ३० जीबी, आणि बॅकअप धरून त्याच्या तिप्पट.

६. पडद्याचा प्रकाश कमी करा. फोटोच्या कामासाठी ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर एवढी चमक योग्य समजली जाते. मोजायचं यंत्र नसेल तर पांढरं पान पडद्यावर उघडा आणि शेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा उजळ दिसत असेल तर चमक जास्त आहे. ‘प्रिंट काळपट आली’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. रात्री पडदा पिवळसर करणारी सोयही काम करताना बंद ठेवा.

## टप्पा ३ : कार्डावरून फोटो उतरवणं

१. इम्पोर्ट करताना ‘कॉपी’ निवडा. ‘मूव्ह’ नको, कारण मध्येच केबल हलली तर फोटो ना इकडे ना तिकडे. डार्कटेबलमध्ये ‘लायब्ररीत जोडा’ आणि ‘कॉपी करून इम्पोर्ट’ असे दोन पर्याय आहेत. कार्ड लावलेलं असताना पहिला निवडला तर फोटो कार्डावरच राहतात. कार्ड काढलं की पडद्यावर फोटोंच्या जागी कवट्या दिसू लागतात.

२. ‘संशयित दुबार फोटो घेऊ नका’ अशी खूण असेल तर ती चालू ठेवा. कार्ड अर्धं उतरवून पुन्हा लावलं तर ती उपयोगी पडते.

३. रॉ आणि जेपेग दोन्ही काढत असाल तर जेपेग हवेत की नकोत ते आत्ताच ठरवा. लाइटरूम क्लासिक जोडीतला जेपेग वेगळा दाखवत नाही. वेगळा हवा असल्यास प्रेफरन्सेसमध्ये तशी खूण करावी लागते. ‘माझे जेपेग गेले कुठे?’ याचं उत्तर हेच. ते गेलेले नसतात, फोल्डरमध्येच असतात.

४. इम्पोर्टच्या वेळी स्वतःचं नाव आणि कॉपीराइट आपोआप भरणारा मेटाडेटा प्रीसेट (जपून ठेवलेली सेटिंग) लावा. एकदा तयार केला की झालं.

५. ‘दुसरी प्रत इथे ठेवा’ ही लाइटरूमची सोय जरूर वापरा, पण तिला बॅकअप समजू नका. ती इम्पोर्टच्या क्षणीचे मूळ फोटो बाजूला ठेवते. नंतरची छाटणी, कीवर्ड, सुधारणा यातलं काही तिथे जात नाही.

सावधान : दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, संगणकावर एकेक फोटो डिलीट करत बसू नका.

तपासणी : कार्डावरच्या फाइलींची संख्या आणि फोल्डरमधली संख्या जुळते का? मग सुरुवातीचे, मधले आणि अगदी शेवटचे काही फोटो १०० टक्क्यांवर उघडून पाहा. छोटं चित्र नीट दिसतं म्हणून फाइल नीट आहे असं नाही. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने भरलेला छोटा जेपेग वेगळा असतो, तो धड असून मूळ माहिती तुटलेली असू शकते.

## टप्पा ४ : आधी तारीख-वेळ, मग नावं

हा क्रम उलटा करणारे फार आहेत.

समजा सहलीत दोन कॅमेरे होते. एकाचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे आहे. सूर्योदयाचे फोटो वेळेनुसार लावले तर वर आलेला सूर्य आधी आणि क्षितिजावरचा नंतर, असं दिसेल. त्यात तुम्ही इम्पोर्ट करतानाच तारीख-वेळ घालून नावं बदलली असतील, तर ती चूक फाइलच्या नावात पक्की बसते.

म्हणून असं करा:

१. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी टिपलेला फोटो शोधा. निघतानाच दोन्ही कॅमेऱ्यांनी फोनच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवला असेल तर हे फारच सोपं होतं, कारण सेकंदांपर्यंतचा फरक हातात येतो.

२. चुकीच्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडा. कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून फिल्टर लावता येतो.

३. लाइटरूम क्लासिकमध्ये मेटाडेटा मेनूतून ‘एडिट कॅप्चर टाइम’, डिजिकॅममध्ये वेळ जुळवण्याचं साधन आणि डार्कटेबलमध्ये जिओटॅगिंगचं मॉड्यूल वापरून फरक भरा. परदेशी गेल्यावर घड्याळ बदलायला विसरलात, तर तासांचा फरकही असाच भरता येतो.

४. आता नावं बदला. कॅमेऱ्याचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, त्यामुळे एकाच नावाचे दोन फोटो कधी ना कधी होणारच. तारीख, वेळ आणि शेवटी मूळ क्रमांक असं नाव ठेवलंत की टक्कर होत नाही. नाव सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅन केल्याची तारीख असते, तीही इथेच बदला. दिवस माहीत नसेल तर अंदाजे वर्ष घाला आणि ‘तारीख अंदाजे’ असा कीवर्ड लावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधून मूळ माहिती गळून पडलेली असते. महत्त्वाचा फोटो असेल तर पाठवणाऱ्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

## टप्पा ५ : छाटणी

रंगसुधारणेपेक्षा छाटणीने संग्रह जास्त सुधारतो, असं माझं ठाम मत आहे. ती एकाच फेरीत करायला गेलात की थकवा येतो आणि काम अर्धवट राहतं. दोन फेऱ्या करा.

पहिली फेरी फक्त नाकारण्याची. हललेले, डोळे मिटलेले, चुकून दाबले गेलेले. लाइटरूममध्ये ‘एक्स’ ने नाकारा, ‘पी’ ने निवडा, ‘यू’ ने खूण काढा. कॅप्स लॉक चालू ठेवला की खूण केल्यावर पुढचा फोटो आपोआप येतो. या एका गोष्टीने वेग कितीतरी वाढतो. डार्कटेबलमध्ये ‘आर’ ने नाकारता येतं आणि १ ते ५ आकड्यांनी तारे देता येतात. या फेरीत ‘कोणता चांगला’ असा विचारच करायचा नाही.

दुसरी फेरी तुलनेची. एकाच प्रसंगाचे आठ-दहा फोटो एकत्र पडद्यावर घ्या. लाइटरूममध्ये ‘सी’ दाबून दोन फोटोंची तुलना होते, ‘एन’ दाबून अनेकांची. डिजिकॅममध्ये त्यासाठी लाइट टेबल आहे. समूहाचा फोटो असेल तर दोन्ही फोटो एकाच वेळी १०० टक्क्यांवर मोठे करा आणि चेहऱ्या-चेहऱ्यावरून सरकत जा. छोट्या आकारात दोन्ही सारखे दिसतात. मोठं केल्यावर कळतं की एकात मागच्या रांगेतल्या आजींचे डोळे मिटलेत आणि दुसऱ्यात फोकस चेहऱ्यांऐवजी मागच्या झाडावर गेलाय.

ताऱ्यांचा अर्थ एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा. माझी शिफारस साधी आहे: एक तारा म्हणजे ठेवायचा, तीन म्हणजे सुधारायचा, पाच म्हणजे प्रिंट करण्याजोगा. दोन आणि चार मुळीच वापरू नका. तीन द्यावेत की चार, या विचारात फार वेळ जातो आणि त्यातून हाती काही लागत नाही.

छाटणी सुरू करण्याआधी पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू (पाहण्यापुरती चित्रं) तयार करायला लावून संगणक बाजूला ठेवा. नाहीतर प्रत्येक फोटो मोठा करताना थांबावं लागतं आणि घाईत चांगले फोटो नाकारले जातात.

सावधान : लाइटरूममध्ये डिलीट दाबल्यावर दोन पर्याय येतात. एकाने फोटो फक्त कॅटलॉगमधून निघतो, दुसऱ्याने डिस्कवरून जातो. ‘मी शेकडो फोटो डिलीट केले तरी डिस्क भरलेलीच’ असं होत असेल, तर पहिलं बटण दाबलं जातंय. उलट चूक झाली तर जास्त महाग पडते. म्हणून नाकारलेले फोटो लगेच डिस्कवरून काढू नका. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा नजर टाकून मगच काढा.

दुबार फोटो शोधायला डिजिकॅमची सारखेपणावरून शोधण्याची सोय चांगली आहे, कारण ती फाइलचं नाव न पाहता चित्र पाहते. सारखेपणाची टक्केवारी सुरुवातीला खूप वर ठेवा. ती कमी केलीत तर एकापाठोपाठ काढलेले वेगवेगळे फोटोही ‘दुबार’ म्हणून समोर येतील.

## टप्पा ६ : कीवर्ड आणि चेहरे

छाटणीनंतरच कीवर्ड लावा, म्हणजे टाकून द्यायच्या फोटोंवर श्रम जात नाहीत.

प्रत्येक फोटोसाठी तीन प्रश्न पुरतात: कोण, कुठे, काय. ‘सुंदर’, ‘छान’, ‘आनंद’ असले शब्द लावू नका, कारण शोधताना ते कुणालाच आठवत नाहीत. एक लिपी ठरवा. ‘पक्षी’ देवनागरीत आणि रोमनमध्ये, शिवाय कधी एकवचन कधी अनेकवचन, असं झालं की एकाच गोष्टीचे चार ढीग तयार होतात. कीवर्डची उतरंड करता येते: प्राणी, त्याखाली पक्षी, त्याखाली खंड्या. फोटोला ‘खंड्या’ लावला की ‘पक्षी’ शोधतानाही तो सापडतो.

आधी पूर्ण फोल्डर निवडून समान कीवर्ड एकदम लावा, मग लहान गट, शेवटी एकेकटा फोटो.

चेहरे ओळखण्याची सोय लाइटरूम क्लासिक आणि डिजिकॅम दोन्हींत आहे. दोन्हींत चेहऱ्याचं काम तुमच्याच संगणकावर होतं. लहान मुलांचे वेगवेगळ्या वयांतले चेहरे आणि भावंडं यांत ते हमखास चुकतं, तेव्हा सुचवलेली नावं डोळे झाकून स्वीकारू नका.

तपासणी : ‘कीवर्ड नसलेले’ फोटो दाखवणारं स्मार्ट कलेक्शन, म्हणजे अटीनुसार आपोआप भरणारा गट, ठेवा. लाइटरूममध्ये ते तयारच मिळतं. ते रिकामं झालं की हा टप्पा संपला.

## टप्पा ७ : आता सुधारणा

स्लायडरविषयी सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून इथे क्रम आणि चुका एवढंच.

१. लेन्सची दुरुस्ती आणि क्षितिज सरळ करणं.
२. क्रॉप. नको असलेला उजळ कोपरा आधीच गेला की एक्सपोजरचा अंदाज बरोबर येतो.
३. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची पिवळी-निळी झाक घालवणं.
४. एक्सपोजर, मग हायलाइट आणि शॅडो, मग पांढऱ्या-काळ्याची टोकं.
५. रंग.
६. मास्कचं काम, म्हणजे फोटोचा एखादाच भाग निवडून सुधारणं, आणि डाग काढणं.
७. नॉइज (रवाळपणा) आणि शार्पनेस, दोन्ही १०० टक्क्यांवर पाहून.

रॉ सॉफ्टवेअर आतल्या आत स्वतःच्या क्रमानेच प्रक्रिया करतं, त्यामुळे क्रम बदलला तर फोटो बिघडत नाही. बिघडतो तो तुमचा निर्णय. व्हाइट बॅलन्सआधी रंग हलवलेत तर नंतर सगळे पुन्हा हलवावे लागतात.

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख, पाहायची सवय लावा, डोळा लवकर फसतो. लाइटरूममध्ये ‘जे’ दाबलं की जळलेले उजेडाचे भाग लाल आणि बुडालेले काळे भाग निळे दिसतात. दिव्याची ज्योत लाल दिसली तर चालेल, चेहऱ्याचं कपाळ लाल दिसलं तर हायलाइट खाली आणा.

जेपेगवर हात आवरता ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात. १२ बिट रॉमध्ये ४०९६ आणि १४ बिटमध्ये १६,३८४. म्हणूनच निळं आकाश गडद करताना जेपेगमध्ये पट्टे पडतात आणि रॉमध्ये सहसा पडत नाहीत.

एकाच उजेडात काढलेले फोटो असतील तर एक नीट करा आणि बाकीच्यांवर सिंक करा, म्हणजे तेच बदल त्यांनाही लागतात. सिंकच्या यादीतून क्रॉप, मास्क आणि डाग काढण्याची खूण उतरवा, ती प्रत्येक फोटोला वेगळी लागते.

सावधान : लाइटरूममधलं ‘ऑटो सिंक’ चालू राहिलं आणि अनेक फोटो निवडलेले असतील, तर एका फोटोवरचा प्रत्येक बदल गुपचूप सगळ्यांवर होतो. सुरुवात करण्याआधी ते बटण पाहायचंच.

रंगीत आणि कृष्णधवल अशी दोन रूपं हवी असतील तर फाइल कॉपी करू नका. लाइटरूममध्ये व्हर्च्युअल कॉपी आणि डार्कटेबलमध्ये डुप्लिकेट करा. डिस्कवर फाइल एकच राहते, नोंदी मात्र दोन होतात.

गिंपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडून त्यावरच काम होतं. २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून फिल्टर नंतर बदलता येतात, पण त्यासाठी काम गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये जपायला हवं. जेपेग फक्त एक्सपोर्ट करा, आणि मूळ फाइलवर कधीही नाही. जेपेग उघडून, बदलून पुन्हा जेपेग केला की दरवेळी थोडा तपशील जातो.

## टप्पा ८ : एक्सपोर्ट

पडद्यासाठी: जेपेग, एसआरजीबी ही रंगपद्धत, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८० च्या आसपास. रंग फिके किंवा विचित्र दिसत असतील तर बहुधा अडोबी आरजीबीमध्ये एक्सपोर्ट झालंय. पडद्यासाठी पीपीआयचा (इंचाला किती पिक्सेल) आकडा कितीही लिहा, फरक पडत नाही.

प्रिंटसाठी: ३०० पीपीआयने ८ × १२ इंचाला २४०० × ३६०० पिक्सेल लागतात आणि १२ × १८ इंचाला ३६०० × ५४००, म्हणजे सुमारे १९.४ मेगापिक्सेल. प्रिंटचं प्रमाण आधी ठरवून क्रॉप करा. ३:२ चा फोटो ८ × १० वर दिला की कडा कापल्या जातात आणि नेमका कुणाचा तरी हात किंवा डोकं जातं.

एक्सपोर्ट केलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते पुन्हा कॅटलॉगमध्ये आणू नका. ते हरवले तरी पुन्हा बनवता येतात.

सावधान : घरी काढलेल्या फोटोत घराचं नेमकं ठिकाण लिहिलेलं असू शकतं. सार्वजनिक जागी टाकण्याआधी एक्सपोर्टमध्ये ‘ठिकाणाची माहिती काढा’ ही खूण करा.

## फोल्डर हलवायचाच असेल तर

सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवा. बाहेरून हलवला गेला असेल आणि प्रश्नचिन्हं दिसत असतील तर घाबरून पुन्हा इम्पोर्ट करू नका. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे, कारण त्याने फोटो नव्याने येतात आणि जुनं काम अनाथ नोंदींवर अडकून राहतं. लाइटरूममध्ये प्रश्नचिन्हाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि नवी जागा दाखवा. डार्कटेबलमध्ये फिल्म रोलच्या (तिथे फोल्डरला असं म्हणतात) यादीत राइट क्लिक केल्यावर असाच पर्याय मिळतो. सर्वांत वरचा फोल्डर दाखवलात तर खालचे सगळे आपोआप जुळतात. मुख्य फोल्डर एकच ठेवा म्हटलं, त्याचा फायदा इथे कळतो.

## टप्पा ९ : बॅकअप आणि त्याची परीक्षा

लाइटरूम बंद करताना ‘बॅकअप घेऊ का?’ असं विचारतं. तो बॅकअप फक्त कॅटलॉगचा असतो. त्यात एकही फोटो नसतो. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण या गैरसमजाने अनेकांचे फोटो कायमचे गेले आहेत. शिवाय कॅटलॉगच्या बॅकअपची जागा बदलली नसेल तर तो त्याच डिस्कवर बसतो, आणि डिस्क गेली की दोन्ही जातात.

नियम ३-२-१ असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मूळ डिस्क, एक बाहेरची डिस्क जी बॅकअपपुरतीच जोडायची, आणि एक क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे ठेवलेली. प्रत्येक प्रतीत हे चारही हवेत: मूळ फोटो, त्यांच्या शेजारच्या एक्सएमपी किंवा पीपी३ फाइली, कॅटलॉग किंवा डेटाबेस आणि तुमचे प्रीसेट.

सिंक म्हणजे बॅकअप नाही. फोनवर डिलीट केलेला फोटो सिंक झालेल्या प्रत्येक जागेवरून जातो. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि आता १५ जीबीच्या मोफत जागेत मेलसकट सगळं मोजलं जातं. कोटा भरला की नवे फोटो चढायचे थांबतात आणि ते लक्षात यायला महिने जाऊ शकतात.

दर तीन महिन्यांनी बॅकअपची परीक्षा घ्या:

१. मूळ फोटोंची डिस्क काढून ठेवा.
२. बॅकअपमधला कॅटलॉग रिकाम्या जागी कॉपी करा आणि तो उघडा. मूळ बॅकअपवर थेट काम करू नका.
३. फोल्डरवर प्रश्नचिन्ह येईल. कॅटलॉगला बॅकअपमधल्या मुख्य फोल्डरची जागा दाखवा.
४. वेगवेगळ्या वर्षांतले काही फोटो १०० टक्क्यांवर उघडा. तारे, कीवर्ड आणि सुधारणा दिसतात का ते पाहा.
५. एक फोटो पूर्ण आकारात एक्सपोर्ट करा. छोटी चित्रं कॅटलॉगच्या प्रीव्ह्यूमधूनही दिसू शकतात, पण मूळ फाइल हाताशी नसेल तर पूर्ण आकाराचा एक्सपोर्ट होत नाही.

एक्सपोर्ट झाला की ही तात्पुरती प्रत काढून टाका, मूळ डिस्क जोडा आणि पुढच्या परीक्षेची तारीख फोनमध्ये लावून ठेवा.